कॅम्पातलं बिस्किट, अख्ख्या पुण्याचा अभिमान

पुण्याहून परगावी निघालेल्या माणसाच्या सामानात बाकरवडीचं पाकीट असतंच, आणि त्याच्या शेजारी श्रुसबेरी बिस्किटांचा खोका. नागपूरची आत्या असो की सातासमुद्रापलीकडची लेक, पाहुणा दारात टेकला की आधी विचारणा होते ती या खोक्याची. कयानी बेकरीचाच ना, हा पुढचा प्रश्न.

अमेरिकेत काही राज्यांनी चक्क कायदा करून आपापला गोड पदार्थ राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून जाहीर केला आहे. मॅसॅच्युसेट्सने 1996 मध्ये बोस्टन क्रीम पाय निवडला, मेरीलँडने 2008 मध्ये स्मिथ आयलंड केक. आपल्याकडे असा मान मिळतो तो भौगोलिक मानांकनातून. रसगुल्ला कुणाचा, यावरून बंगाल आणि ओडिशाची चांगलीच जुंपली. शेवटी 2017 मध्ये बंगालच्या आणि 2019 मध्ये ओडिशाच्या रसगुल्ल्याला वेगवेगळं मानांकन मिळालं. 2023 मध्ये गोव्याच्या बेबिंकाचा नंबर लागला. पुण्यानेही 2009 मध्ये पुणेरी पगडीसाठी हे मानांकन मिळवलंच होतं. श्रुसबेरीला मात्र ते मिळणं अवघड, कारण तिच्या नावातच दुसरं गाव आहे. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातलं ते गाव. तिथल्या या खाऊच्या कृती सतराव्या शतकातल्या इंग्रजी पाकपुस्तकांत सापडतात. त्यात गुलाबपाणीही असे. पुण्याच्या बिस्किटात ते नाही.

मानांकन नाही याची मला खंत नाही. या शहराने हे बिस्किट आपलं म्हणणं हीच त्याहून मोठी गोष्ट आहे, आणि ती कळायची तर 1890 च्या ऑक्टोबरात जायला हवं. त्या महिन्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका समारंभाला गावातली प्रतिष्ठित मंडळी जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. पुढ्यात चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला. पण हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि गावात वादळ उठलं. ख्रिस्त्यांच्या हातचं खाल्लं म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. एका बिस्किटापायी माणसं वाळीत पडण्याची वेळ आली ती याच पुण्यात.

कयानी बेकरी त्यानंतर पासष्ट वर्षांनी, 1955 मध्ये निघाली. कॅम्पात, ईस्ट स्ट्रीटवर, खोदायार आणि होर्मझदियार या इराणी भावांनी ती सुरू केली. शेजारचं व्हिक्टरी थिएटर म्हणजे जुनं कॅपिटॉल. 1943 च्या जानेवारीत गोऱ्या सैनिकांना लक्ष्य करून क्रांतिकारकांनी तिथेच बाँब उडवला होता. त्याच रस्त्यावर इराणी हातांनी इंग्रजी नावाचं बिस्किट भाजलं आणि पेठांतली घरं ते दिवाळीच्या फराळाशेजारी ठेवू लागली.

पेठेतल्या माणसाला भट्टीची ओळख नानकटाईने आधीच करून दिली होती. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून बेकरीत न्यायचं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं आणि आपल्याच सामानाची गरम नानकटाई पत्र्याच्या डब्यातून घरी आणायची, हा कित्येक घरांचा नेम होता. श्रुसबेरीचं घराणं तेच, फक्त तुपाच्या जागी लोणी आलं. लोणी आणि साखर हलकं होईपर्यंत फेसायचं, मग मैदा मिसळायचा, पण मळत बसायचं नाही. पिठाच्या कणांवर लोण्याचा थर बसला की त्यात चिवटपणा धरत नाही. म्हणून बिस्किट खुसखुशीत होतं. जास्त मळलं की कडक झालंच म्हणून समजा.

चांगली श्रुसबेरी ओळखायची तर ती चहात बुडवू नये. मधून मोडावी. फट आवाज न होता ती हलकेच तुटली पाहिजे, आणि तुटल्या जागी बारीक भुगा बोटांना लागला पाहिजे. कडा बदामी, मधला भाग फिकट. पहिला घास विरघळतो, मग लोण्याची खारट-गोड चव मागून येते आणि जिभेवर रेंगाळते. दुकान दुपारी बंद असतं, हे पुणेकरांना माहीत आहे. उघडायच्या वेळेला फुटपाथवर रांग लागलेली असते आणि कुणी कुरकुर करत नाही. एकेक माणूस किलोच्या हिशेबाने खोके बांधून नेतो, कारण त्याच्या पाठीमागे अख्खी आळी असते.

रॉयल, हुसेनी या कॅम्पातल्या बेकऱ्यांचेही निष्ठावंत आहेत, आणि कुणाची श्रुसबेरी सरस यावरून घराघरांत वाद होतात. माझं मत कयानीच्या बाजूने आहे. ज्यांचं नसेल त्यांनी एखाद्या सकाळी कयानीतून आणि आपल्या आवडत्या बेकरीतून पाव-पाव किलो आणावी आणि घरच्यांना न सांगता शेजारी-शेजारी ताटलीत मांडावी.