हेडस्टॉकवरचं अनोळखी नाव
सहा तारांची ओळख : भाग ९

मागच्या आठवड्यात आपण लाकडापर्यंत आलो होतो. आता गिटार हातात आहे, किंमत खिशाला परवडते आहे, पण हेडस्टॉकवरचं नाव कधी कानावरून गेलेलं नाही. घ्यावी का?

उत्तरासाठी आधी शिकागोला जाऊ. तिथे १८९२ मध्ये हार्मनी नावाची कंपनी सुरू झाली आणि १९१६ मध्ये ती सीअर्स या कॅटलॉगवरून माल विकणाऱ्या प्रचंड दुकानाने विकत घेतली. सीअर्स आपल्या गिटारी ‘सिल्व्हरटोन’ नावाने विकायचं. हार्मनीची मालकी पुढे सीअर्सकडे राहिली नाही, तरी तिच्या गिटारी सिल्व्हरटोन म्हणून विकल्या जातच होत्या. मात्र सगळ्या सिल्व्हरटोन हार्मनीच्या नव्हत्या. काही शिकागोच्याच के कंपनीने बनवल्या, काही विजेच्या गिटारी डॅनइलेक्ट्रोने. म्हणजे एका नावाखाली तीन कारखाने, आणि एका कारखान्याच्या गिटारींवर अनेक नावं. तिकडे मिशिगनमध्ये गिब्सननेही १९३०च्या दशकात मंदीच्या दिवसांत ‘कॅलॅमझू’ या वेगळ्या नावाने स्वस्त गिटारी काढल्या. त्या गिब्सनच्याच कारखान्यातून बाहेर पडत होत्या.

हार्मनीचा कारखाना १९७५ मध्ये बंद पडला. नाव मात्र विकलं गेलं आणि पुढे आशियात बनलेल्या गिटारींवर झळकलं. आज जुन्या बाजारात ‘हार्मनी’ लिहिलेल्या दोन गिटारी शेजारी-शेजारी दिसल्या, तर त्यांचं एकमेकींशी काहीच नातं नसू शकतं.

या हार्मनीचं ‘सॉव्हरिन’ नावाचं एक मॉडेल होतं. मध्यम किमतीचं, विद्यार्थ्यांना झेपेल असं. पण त्याची वरची पाटी अखंड स्प्रूसची आणि मागची-बाजूची लाकडं अखंड महोगनीची. लेड झेपेलिनच्या १९७१ मधल्या ‘स्टेअरवे टू हेवन’ची सुरुवात जिमी पेजने अशाच सॉव्हरिनवर वाजवली आहे. जगातली कुठलीही गिटार त्याला मिळाली असती, हे ध्यानात घ्या.

आजही हाच प्रकार चालतो, फक्त कारखाने सरकले आहेत. चीन आणि इंडोनेशियातले मोठे कारखाने जगभरच्या दुकानदारांसाठी त्यांना हव्या त्या नावाने गिटारी बनवून देतात. तुमच्या गावातल्या दुकानात दिसणारं अनोळखी नाव बहुधा अशाच वाटेने आलेलं असतं. त्यावरून गिटार वाईट ठरत नाही आणि चांगलीही ठरत नाही. नावाने काहीच सांगितलं नाही, तर गिटारलाच विचारायला हवं. मी तो प्रश्न नेहमी एकाच जागी विचारतो: नेक जिथे खोक्याला जोडलेली असते, तिथे.

माझ्या गिटारच्या पिशवीत ६० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी असते. ती तिसऱ्या आणि चौथ्या तारेच्या मधून उभी धरायची, फ्रेटवर टेकवायची आणि ब्रिजकडे सरकवत न्यायची. पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला जेमतेम स्पर्श करून पुढे सरकलं, तर नेकचा कोन बरोबर आहे. टोक ब्रिजच्या उभ्या भिंतीवर आपटलं, तर नेक पुढे ओढली गेली आहे किंवा मुळातच चुकीची बसवली आहे. ही साधी गोष्ट इतकी महत्त्वाची का, ते नीट समजून घेऊ.

तारांची एकत्रित ओढ साधारण ७० किलोंच्या वर असते. ती रात्रंदिवस नेकला पुढे खेचते आणि ब्रिजमागची पाटी फुगवते. मग तारा फ्रेटपासून उंच जातात, बोटं दुखतात, नवशिका महिन्याभरात गिटार भिंतीला लावून टाकतो. अशा वेळी दुकानदार म्हणतो, ‘काही नाही, ट्रस रॉड फिरवून देतो.’ ट्रस रॉड नेकचा बाक काढतो. नेक खोक्याला ज्या कोनात जोडली आहे तो कोन त्याने बदलत नाही. नेक सोडवून पुन्हा बसवायची नसेल तर उरतो एकच मार्ग, ब्रिजवरची सॅडल घासून तारा खाली आणणं. आता गणित बघा. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तिथे तार १ मिलिमीटर खाली आणायची तर सॅडल २ मिलिमीटर घासावी लागते. सॅडल ब्रिजच्या वर ३-४ मिलिमीटर दिसत असेल, तर हातात काही शिल्लक आहे. नव्याकोऱ्या गिटारमध्ये ती मिलिमीटर-दीड मिलिमीटरच उरली असेल आणि तारा तरीही उंच असतील, तर कारखान्याने त्या गिटारचं आयुष्य आधीच खर्चून टाकलं आहे. चकचकीत पॉलिश आणि साउंडहोलभोवतीची शिंपल्याची नक्षी पाहून हे कळत नाही.

बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दोनच्या आसपास अंतर असलं, की हाताला बरं वाटतं.

लाकडाची तपासणी त्यानंतर. साउंडहोलच्या कडेला बोटाने चाचपा आणि मोबाइलचा दिवा धरा. वरच्या पाटीच्या धाग्यांच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरताना दिसल्या तर लाकूड अखंड. कडेला पातळ थर एकावर एक चिकटलेले दिसले तर प्लाय. लेबलवर नुसतं ‘स्प्रूस टॉप’ किंवा ‘सिलेक्ट स्प्रूस’ लिहिलं असेल आणि ‘सॉलिड’ हा शब्द नसेल, तर बहुतेक वेळा ते प्लायच असतं. प्लायला मी नावं ठेवणार नाही. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या पावसाळ्यात अखंड पाटी ओलावा पिऊन फुगते, जुलैत तारा वर जातात, जानेवारीत खाली येतात. प्लाय हे सगळं शांतपणे सोसतं. नागपूरच्या एप्रिलमध्ये उलटं घडतं. फिंगरबोर्ड सुकून आक्रसतो आणि फ्रेटची टोकं कडेला टोचू लागतात. म्हणून नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात हळूच फिरवून पाहा. टोकं टोचत असतील तर कानशीने काम होतं, त्यासाठी गिटार नाकारू नका.

मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा, सगळ्याच्या सगळ्या. दहा मिनिटं लागतील, दुकानदाराला थांबू द्या. कुठे खरखर येते, कुठे सूर मेल्यासारखा वाटतो ते कळेल. आवाजाचा निर्णय मी अगदी शेवटी घेतो, तोही दुसऱ्याला वाजवायला लावून आणि स्वतः चार पावलं समोर उभं राहून. कारण वाजवणाऱ्याच्या कानापर्यंत गिटारचा अर्धाच आवाज येतो.

आता किंमत. अनोळखी नावाची गिटार दुकानाबाहेर पडली की तिचा भाव झपाट्याने उतरतो. तो तोटा पहिल्या मालकाच्या पदरात पडतो, म्हणून अशी गिटार मी नवी घेण्यापेक्षा वापरलेली घेणं पसंत करतो. पट्टीच्या कसोटीत ती उतरली तर. अमेरिकेतले कारागीर आजही जुन्या सॉव्हरिनची नेक वाफेने सोडवून नव्या कोनात बसवतात, कारण खालचं लाकूड त्या मेहनतीच्या लायकीचं आहे. स्वस्त प्लायच्या गिटारला ही दुरुस्ती तिच्या किमतीहून महाग पडते. तिथे कोन चुकलेला दिसला की गिटार परत भिंतीवर टांगा.

सॅडल किती घासायची, नट कुठे उकरायचा आणि कारागिराला काम देण्यापूर्वी काय काय विचारायचं, ते पुढच्या आठवड्यात.