पोट नसलेला खवय्या

गोव्यातल्या पार्से गावातून शापोरा नदीच्या बाजूला उतरत गेलं की आगरवाडा लागतो. आगर म्हणजे मिठागर, हे तर गावाच्या नावातच सांगितलंय. पावसाळा सरला आणि जमीन सुकली की चौकोनी वाफ्यांत भरतीचं खारं पाणी घ्यायचं. ऊन ते हळूहळू पिऊन टाकतं आणि खाली मीठ उरतं. दोडामार्गाकडून तिळारी या नावाने येणारी नदी इथे शापोरा होते आणि समुद्राची चव घेते. आज ज्याची गोष्ट सांगायची आहे, त्याला असंच खारं पाणी लागतं. त्याचं जेवणही मिठागरातल्यासारख्या पाण्यात जन्मतं.

तो आहे समुद्रघोडा.

मान वाकवलेली, तोंड लांब नळीसारखं, शेपटी गुंडाळलेली. पोहतो उभा. अंगावर खवले नाहीत, हाडांच्या कड्यांचं चिलखत आहे. तरीही तो मासाच. कल्ल्यांनी श्वास घेतो, पाठीवरच्या इवल्याशा पराने पाणी ढकलतो. हा पर सेकंदाला साधारण ३५ वेळा हलतो! इतकी धडपड करूनही साहेब पुढे सरकतात ते अगदी सावकाश. जोराचा प्रवाह आला तर वाहूनच जायचे. म्हणून शेपटीने समुद्रगवताची पात धरून ठेवायची आणि तिथेच थांबायचं. ही शेपटी गोल नसते, चौकोनी असते. बोटांनी चाचपलीत तर कडा लागतील. चौकोनी शेपटी दाबली तरी मोडत नाही आणि पकडही चांगली धरते, असं शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये तिची नक्कल बनवून, दाबून, पिळून दाखवलं.

गोव्याच्या किनाऱ्यावर आणि खाड्यांत जो पिवळा समुद्रघोडा सापडतो, त्याचं शास्त्रीय नाव हिप्पोकॅम्पस कुडा. मलय भाषेत 'कुडा' म्हणजे घोडा. 'हिप्पो' म्हणजे ग्रीक भाषेतला घोडा. म्हणजे याच्या नावात घोडा दोनदा आला! आणि गंमत ऐका, तुमच्या डोक्यातही एक हिप्पोकॅम्पस आहे. मेंदूच्या एका भागाचा आकार समुद्रघोड्यासारखा दिसतो, म्हणून त्याला तेच नाव दिलं. कालच्या गोष्टी आज आठवायला तो भाग मदत करतो. हा लेख उद्या लक्षात राहिला तर त्या आतल्या घोड्याचे आभार माना.

आता जेवणाकडे वळू.

आपण सकाळी पेज जेवलो की दुपारपर्यंत निभतं, कारण खाल्लेलं अन्न जठरात काही तास थांबतं. समुद्रघोड्याला जठरच नाही. दातही नाहीत. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं आणि भराभर पुढे सरकतं. सगळा सत्त्वांश अंगी लागायच्या आतच पुष्कळसं बाहेरही पडतं. म्हणून त्याला थोडं थोडं, पण दिवसभर खावं लागतं. टाकीत पाळला तर दिवसातून कितीतरी वेळा वाढायला हवं. एखादा दिवस चुकला तर मोठा समुद्रघोडा कसाबसा तग धरेल, पण नुकतं जन्मलेलं पिल्लू नाही धरणार.

बरं, वाढायचं काय? भाकरीचा चुरा, माशांच्या दुकानातले रंगीत दाणे? त्यांच्याकडे तो बघणारही नाही. त्याला हलणारं अन्न लागतं. पाण्यात टुणटुण उड्या मारणारे बारीक कोळंबीसारखे जीव दिसले की त्याचे डोळे फिरतात. तेही वेगवेगळे! एक डोळा वर, दुसरा खाली, दोघांचं काम स्वतंत्र. सावज सापडलं की तो मान पुढे करतो, इतक्या हळू की पाण्याला कळतही नाही. मग एकदम 'टक्'! डोकं वर उडतं, नळीसारखं तोंड पाणी ओढतं आणि सावज आत. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. मानेतले स्नायू आणि त्यांच्या दोऱ्या आधी ताणून ठेवलेल्या असतात, बेचकीच्या रबरासारख्या. सोडल्या की सुटल्या.

आता हे जे बारीक जीव आहेत ना, कोपेपॉड म्हणतात त्यांना, ते काही भोळे नाहीत. पाणी जरासं हललं तरी त्यांना समजतं आणि ते एका झटक्यात पसार होतात. मग पाण्यात सर्वांत हळू पोहणाऱ्या माशांपैकी एकाने त्यांना पकडायचं कसं? याचं उत्तर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी शोधलं. समुद्रघोड्याच्या डोक्याचा आकारच असा आहे की त्याच्या तोंडाच्या टोकाजवळचं पाणी जवळजवळ स्थिर राहतं. कोपेपॉडला वाटतं, इथे कोणीच नाही. त्यांनी अभ्यासलेला बुटका समुद्रघोडा दहापैकी नऊ वेळा नेम साधत होता. ज्या वाकड्या चेहऱ्याला आपण घोडा म्हणून हसतो, तोच त्याचा चोरपावलांचा बूट आहे.

आपल्या गोव्यात डोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ मध्ये सुरू झालेली. पार्से गावाहून जायचं तर चोपडे, शिवोली, म्हापसा, पणजी करत पोहोचता येतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी पिवळ्या समुद्रघोड्याला टाकीत वाढवायचा अभ्यास केला आहे. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे लवंगेची. समुद्रघोड्याचं वजन करायचं, लांबी मोजायची, तर त्याला पाण्याबाहेर काढावं लागतं. तो घाबरतो, तडफडतो. म्हणून त्याला थोडा वेळ झोपवायचं. कशाने? त्यांनी चार वेगवेगळ्या औषधांची तुलना केली आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापला. त्या चारांत एक होतं लवंगेचं तेल! दाढ दुखली की आजी कापसाचा बोळा ज्यात बुडवते, तेच. ते पाण्यात किती मिसळलं की मासा शांत होतो आणि साध्या पाण्यात परत सोडल्यावर किती वेळात जागा होतो, हे घड्याळ लावून पाहायचं. मासा लहान असला तरी त्याला भूल देणं हे डॉक्टरच्या कामाइतकंच जपून करायचं काम आहे.

आणि पिल्लं! ती आईच्या नव्हे, बाबांच्या पोटाच्या पिशवीतून येतात. आई अंडी बाबांच्या पिशवीत ठेवते, काही आठवडे ती तिथेच वाढतात आणि मग एके दिवशी बाबा पोट आवळून आवळून शेकडो पिल्लं बाहेर सोडतात. प्रत्येक पिल्लू तुमच्या नखापेक्षा लहान, पण आकाराने पुरेपूर समुद्रघोडा. बाबांचं काम तिथे संपतं. पिल्लांना पहिल्याच दिवसापासून स्वतः शिकार करावी लागते. टाकीतली पिल्लं कधीकधी पाण्याच्या वर येऊन हवेचा बुडबुडा गिळतात आणि मग बुचासारखी तरंगत राहतात. खाली जाताच येत नाही, मग खाणार काय? सांभाळणाऱ्यांचा जीव खरा इथे टांगणीला लागतो.

इतक्या इवल्या तोंडात मावेल असं जिवंत अन्न रोज कुठून आणायचं? इथे मिठागर मदतीला येतं. मिठागराच्या आणि खाऱ्या सरोवरांच्या अति खारट पाण्यात आर्टेमिया नावाचा चिमुकला जीव राहतो. मासे त्या पाण्यात टिकत नाहीत, हा टिकतो. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांतही तो सापडला आहे. पाणी आटू लागलं की आर्टेमिया जाड कवचाची अंडी टाकते. ती वाळून राखेसारखी होतात आणि कित्येक वर्षं तशीच पडून राहतात. पुन्हा खारं पाणी मिळालं की एक-दीड दिवसात त्यांतून पिल्लं बाहेर येतात. त्यामुळे ही अंडी डब्यात भरून जगभर विकली जातात. डबा फडताळात, जेवण तयार!

पण थांबा, एवढ्यावर भागत नाही. अंड्यातून बाहेर आल्यावर आर्टेमियाच्या पिल्लाजवळ शिदोरी असते ती फक्त स्वतःपुरती, आणि तीही लवकर संपते. उपाशी पिल्लू समुद्रघोड्याने खाल्लं तर त्याच्या अंगी काय लागणार? म्हणून आधी आर्टेमियाला हिरवं शेवाळ किंवा माशाच्या तेलाचे थेंब खाऊ घालायचे, ती गुटगुटीत झाली की मगच समुद्रघोड्याला वाढायची. शेवाळ वाढवायला उजेड हवा, खतं हवीत, स्वच्छ बाटल्या हव्यात. म्हणजे एका माशाला जेवू घालायचं तर आधी त्याच्या जेवणाला जेवू घालायचं आणि त्या जेवणाचं जेवण पिकवायचं! आगरवाड्याच्या कडेला खारफुटीच्या मुळांत भरती-ओहोटी हेच सगळं काम रोज करत असते. तिथे शेवाळ उगवतं, त्यावर कोपेपॉड जगतात आणि कोपेपॉडांवर किती तरी जातींच्या माशांची पिल्लं वाढतात. नदीला यासाठी बाटली लागत नाही की वीज.

मोठ्या समुद्रघोड्यांना गोठवलेली बारीक कोळंबी खायची सवय लावता येते, पण त्यालाही युक्ती लागते. कोळंबी नळीने हळूच सोडायची, म्हणजे ती पाण्यात जिवंतासारखी हलते. रोज एकाच जागी, एखाद्या शिंपल्यात वाढायची. काही दिवसांनी ते त्या शिंपल्याभोवती आपणहून गोळा होतात. जेवण झालं की उरलेलं लगेच काढायचं, कारण सडलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विष आहे. टाकीत तो अमोनिया खाऊन टाकणारे जीवाणूही असतात, पण त्यांची वस्ती बसायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून नव्या टाकीत घाईने मासे सोडायचे नसतात.

"मग मला एक समुद्रघोडा आणून द्या ना!" असं कोणी म्हणेल. नाही. भारतात २००१ पासून समुद्रघोड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. पकडायला, विकायला, घरी ठेवायला मनाई आहे. जगात औषधाच्या नावाखाली ते लाखोंनी पकडून वाळवले जातात, आणि समुद्रात आधीच त्यांची गवताची कुरणं कमी होत चालली आहेत. कोणाच्या जाळ्यात चुकून समुद्रघोडा आला आणि तो जिवंत असला, तर त्याला लगेच पाण्यात सोडा असं त्या काकांना सांगा. माझी ही तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

त्याचं जेवण मात्र तुम्ही घरी जन्मताना पाहू शकता. माशांच्या दुकानात आर्टेमियाची अंडी मिळतात. एक लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम जाडं मीठ विरघळवा. आगरवाड्याचं मिळालं तर उत्तमच. पाणी नळाचं असेल तर आदल्या दिवशी भरून उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन निघून जाईल. त्यात चिमूटभर अंडी टाका, हवा सोडणाऱ्या छोट्या पंपाची नळी आत सोडा आणि बाटली उबदार, उजेडाच्या जागी ठेवा. दुसऱ्या दिवशी रात्री खोलीतला दिवा घालवा, पंप बंद करा आणि बाटलीच्या एका बाजूला टॉर्च लावा. जरा वेळ थांबा. नारिंगी ठिपके एकेक करून उजेडाकडे पोहत येतील.