सात नंबरच्या घरातली १०४ माणसे

‘पणजोबा डब्लिनला सुतारकाम करायचे.’ कितीतरी आयरिश घरांत पूर्वजाची आठवण म्हणून एवढे एकच वाक्य उरलेले असते. पणजोबा राहत कुठे, किती खोल्यांत, शेजार कोणाचा, याचा पत्ता नसतो. त्या काळच्या प्रतिष्ठित डब्लिनकरांची नावे ‘थॉम्स डिरेक्टरी’त रस्त्यांनुसार छापलेली सापडतात. कारागिराच्या दाराशी आल्यावर मात्र ही डिरेक्टरी बहुधा ‘टेनेमेंट्स’ (खोल्याखोल्यांनी भाड्याने दिलेली घरे) एवढाच शब्द लिहून पुढे सरकते. तिथे शंभर माणसे राहत असली तरी नाव एकाचेही नाही.

ही माणसे सापडतात ती १९०१ आणि १९११ च्या जनगणनेच्या पत्रकांत. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने दोन्ही वर्षांची पत्रके ऑनलाइन, विनामूल्य खुली केली आहेत. त्याआधीचे फारच थोडे उरले. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांचे बहुतेक कागद १९२२ मध्ये आयरिश यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या अभिलेख कार्यालयात जळाले. १८६१ आणि १८७१ ची पत्रके सरकारनेच नष्ट केली होती, तर १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धातल्या कागदटंचाईत लगद्याला गेली.

शोध घेणारा नवखा असला की आडनाव टाकतो, पणजोबांचे पान उघडतो, ते जपून ठेवतो आणि थांबतो. खरी गंमत त्या पानाच्या आजूबाजूला असते, कारण ही पत्रके रस्ता आणि घर या क्रमाने लावलेली आहेत. एका बिऱ्हाडातून शेजारच्या बिऱ्हाडात, तिथून पुढच्या घरात सहज जाता येते.

हेन्रिएटा स्ट्रीटचेच पाहा. अठराव्या शतकात उमरावांसाठी आणि बिशपांसाठी बांधलेली ही गल्ली. पुढे धनिक निघून गेले आणि एकेका दालनात एकेक बिऱ्हाड आले. मुंबईची चाळ मुळात भाडेकरूंसाठीच उभी राहिली. डब्लिनच्या या घरांचे नाते त्यापेक्षा पुण्या-नाशिकच्या वाड्यांशी जवळचे, जिथे सरदार गेला आणि सोप्यापासून माडीपर्यंत बिऱ्हाडकरू भरले. १९११ मध्ये या गल्लीतल्या १५ घरांत ८३५ माणसे राहत होती. एकट्या सात नंबरात १९ कुटुंबे, १०४ माणसे. त्यांत सुतार, रंगारी, हमाल, धुण्यापुसण्याची कामे करणाऱ्या बाया, एक पोस्टमन आणि एक शिंपी. आता पणजोबा नुसते ‘सुतार’ राहत नाहीत. कोणाशी जिन्यात गाठ पडत असेल, पोरे कोणाच्या पोरांत खेळत असतील, हे दिसू लागते.

कुटुंबाचे पत्रक कुटुंबप्रमुखाने भरायचे आणि सही करायची. लिहिता येत नसेल तर फुलीची खूण. पत्रके वाटण्याचे आणि गोळा करण्याचे काम पोलिसांकडे होते. त्यांनी स्वतः भरलेले ‘बी १’ पत्रक तर सोन्यासारखे आहे. भिंती कशाच्या, छप्पर कशाचे, पुढच्या बाजूला खिडक्या किती आणि कोणते कुटुंब किती खोल्यांत राहते, हे सारे त्यात आहे. ‘बी २’ मध्ये तबेला, डुकरांचा गोठा, कार्यशाळा यांची नोंद. डब्लिनमधली सुमारे २६,००० कुटुंबे तेव्हा अशा टेनेमेंट्समध्ये राहत होती आणि त्यांतल्या २०,००० कुटुंबांचा संसार एका खोलीत होता. पणजोबांच्या नावासमोर खोल्यांच्या रकान्यात ‘१’ दिसला की या आकड्याला चेहरा येतो.

वयाच्या रकान्यावर मात्र विसंबू नये. १९०१ मध्ये ५७ वर्षांचा माणूस १९११ मध्ये ७१ चा झालेला सहज सापडतो. मधल्या काळात, १९०९ च्या जानेवारीत, सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन सुरू झाली होती. जन्माची सरकारी नोंद नसलेल्या पिढीला आपले खरे वयही नीट ठाऊक नसे. ही तफावत खोटेपणा म्हणून बाजूला सारू नये, तिच्यात त्या घराची नड वाचावी.

१९११ चे पत्रक आणखी एक गोष्ट विचारते. विवाहित स्त्रीने लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली आणि आज किती हयात आहेत, ते सांगायचे. दोन आकडे शेजारी शेजारी. प्रश्न विधवांसाठी नव्हता, तरी अनेकींनी उत्तर लिहिले आणि मोजणीदाराने त्यावर रेघ मारली. रेघेखालचे आकडे आजही वाचता येतात. वंशवेल जुळवणाऱ्याला पणजीच्या विसरल्या गेलेल्या लेकरांचा पहिला सुगावा इथेच लागतो.

आपल्याकडे १८७२ पासून शिरगणती झाली. जिल्ह्यात सुतार किती, शिंपी किती, तांबट किती, याचे तक्ते छापले गेले. त्या तक्त्यांमागची घरोघरची पत्रके मात्र जपली गेली नाहीत. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत कोणाच्या शेजारी कोण राहत होते, हे त्या छापील तक्त्यांतून कळत नाही. म्हणूनच डब्लिनची ही पाने चाळताना मराठी वाचकाला हेवा वाटतो.

या दोन जनगणनांतला डब्लिनच्या सुतारांचा माग १९११ ला थांबतो. पुढची जनगणना, स्वतंत्र आयरिश राज्याची पहिली, १८ एप्रिल १९२६ ची. कायद्याने तिची पत्रके शंभर वर्षे, म्हणजे एप्रिल २०२६ पर्यंत, बंद ठेवायची होती. तिच्यात धंद्याबरोबर काम देणाऱ्या मालकाचे नावही विचारले होते.