जुन्या वस्तऱ्यांवरील खुणा व त्यांचें मूलस्थान

जुन्या घराण्यांच्या संग्रहांत कट्यारी, अडकित्ते, दौती यांच्याबरोबर युरोपीय वस्तरेहि पुष्कळदां सांपडतात. परंतु सूचींत त्यांची नोंद "वस्तरा, विलायती" एवढ्यावरच संपते. पात्यावरील खुणा नीट वाचल्या असतां मूलस्थान व काळ बऱ्याच अंशीं ठरवितां येतो. कागदांतील जलचिन्हावरून दस्तऐवजाचा काळ काढतांना जी सावधगिरी संशोधक बाळगतात, तीच मात्र येथेंहि हवी. खूण काळाची पूर्वमर्यादा दाखविते, उत्तरमर्यादा क्वचितच.

पातें मुठीच्या दोन फाळक्यांमध्यें जेथें खिळलेलें असतें, तेथील अरुंद भागावर मुख्य खूण ठोकलेली असते. त्यास या लेखांत देठ म्हटलें आहे. पात्याच्या कुशीवर कोरलेलीं सुशोभित अक्षरें बहुधा जाहिरातवजा असतात. प्रमाण मानावयाचें तें देठावरील खुणेस.

इंग्लंडांत या धंद्याचें केंद्र शेफील्ड. तेथील चाकू-कात्र्या करणाऱ्यांची संस्था इ. स. १६२४ च्या कायद्यानें स्थापन झाली व कारागिरांच्या खुणा ती नोंदूं लागली. कित्येक खुणा परस्परांशीं मिळत्याजुळत्या आहेत. माल्टी क्रूस दिसतांच "रॉजर्स" असें लिहून मोकळें होण्याचा प्रघात आहे. पण रॉजर्सच्या क्रुसाशेजारीं तारा असतो, आणि बाण असल्यास माल वेड अँड बुचर यांचा होय. वोस्टनहोमची "आय एक्स एल" ही खूण इ. स. १७८७ ची. तिच्याबरोबर "वॉशिंग्टन वर्क्स" हे शब्द असल्यास वस्तरा १८४८ पूर्वींचा असूं शकत नाहीं, कारण तो कारखाना त्या वर्षीं या पेढीकडे आला.

मुकुट व "जी आर", "डब्ल्यू आर" किंवा "व्ही आर" हीं अक्षरें पाहून वस्तरा राजवाड्यांतील असल्याचें विक्रेते सांगतात व त्याप्रमाणें दाम मागतात. हीं अक्षरें बहुधा तत्कालीन राजाच्या नांवाचीं, एवढेंच. त्यांतहि "डब्ल्यू आर" विशेष उपयोगी. कारण चौथ्या विल्यमची कारकीर्द १८३० ते १८३७ एवढीच होती. "जी आर" वरून मात्र चार जॉर्जांपैकीं कोणता हें कळत नाहीं. "सिल्व्हर स्टील" हे शब्द स्टोडार्ट व फॅरडे यांच्या इ. स. १८२० च्या सुमाराच्या प्रयोगांनंतर प्रचारांत आले. त्या प्रयोगांत पोलादाच्या पांचशें भागांस रुप्याचा एक भाग होता. बाजारी वस्तऱ्यांत तेवढेंहि रुपें असेलच असें नाहीं.

जर्मनींतील झोलिंगेन हें दुसरें मोठें केंद्र. हेंकेल्सची जुळ्यांची खूण तेथील संघांत १३ जून १७३१ रोजीं नोंदली गेली. "डी आर जी एम" हीं अक्षरें १८९१ पासूनचीं. खरी अडचण येते ती अशी कीं, एकोणिसाव्या शतकांत शेफील्डचें नांव ठोकलेला जर्मन माल सर्रास विकला जाई. त्यास आळा घालण्यासाठीं ब्रिटनमध्यें १८८७ सालीं मालखुणांचा कायदा झाला. हिंदुस्थानांत तसाच कायदा १८८९ सालीं आला. म्हणून त्यापूर्वींच्या पात्यावर नुसतें "शेफील्ड" असून कारागिराची नोंदलेली खूण नसेल, तर मूलस्थान संशयित ठेवावें.

अमेरिकेंतील १८९० च्या जकात कायद्यानें आयात मालावर उत्पत्तीच्या देशाचें नांव १ मार्च १८९१ पासून आवश्यक झालें. यावरून "देशाचें नांव नाहीं, म्हणून वस्तरा १८९१ पूर्वींचा" असा नियम पाश्चात्य संग्राहकांनीं बसविला आहे. आपल्याकडील वस्तऱ्यांस तो जसाच्या तसा लावणें चूक होय. तो निर्बंध अमेरिकेंत उतरणाऱ्या मालापुरता होता. मुंबईस आलेल्या मालाला त्याचें बंधन नव्हतें. देशाचें नांव असल्यास पुरावा बलवत्तर, नसल्यास निष्कर्ष काढूं नये.

मुठीवरून काळ काढणेंहि तितकेंच फसवें. शिंगाची मूठ फुटली कीं न्हावी दुसरी बसवीत. त्यामुळें शंभर वर्षांच्या पात्यास सेल्युलॉइडची मूठ असणें यांत नवल नाहीं.

खूण अस्पष्ट असल्यास ती वाळूच्या कागदानें घासूं नये; गंजाबरोबर उथळ अक्षरेंहि जातात. तेलाचा थेंब लावून गंज मऊ होऊं द्यावा, देठ तिरप्या उजेडांत धरावा, आणि त्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीनें हलका ठसा घ्यावा. तो ठसा सूचींतील नोंदीस जोडावा.