यशापयश आणि माणसाची पारख

फूटबॉलच्या मैदानावर खेळतात खेळाडू. परंतु संघ हरला म्हणजे लोकांचा रोष प्रथम मॅनेजरवर होतो. हा न्याय कितपत खरा, हें इटलीच्या क्लॉडिओ रानिएरी यांच्या उदाहरणावरून पाहूं.

२०१४ सालीं ते ग्रीसच्या राष्ट्रीय संघाचे मॅनेजर असतां चिमुकल्या फेरो बेटांच्या संघानें ग्रीसला घरच्या मैदानावर १-० असें हरविलें, व रानिएरींस लागलीच काढून टाकण्यांत आलें. २०१५ सालीं इंग्लंडांतील लेस्टर सिटी क्लबानें त्यांस नेमिलें, तेव्हां पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. परंतु खालच्या वर्गांत जातां जातां नुकताच वाचलेला तो संघ २०१६ च्या मे महिन्यांत प्रीमियर लीगचा विजेता झाला! २०१७ च्या जानेवारींत फिफानें त्यांस सर्वोत्तम शिक्षक म्हणून गौरविलें; फेब्रुवारींत, संघ पुन्हां खालीं घसरलेला पाहून, क्लबानें त्यांस निरोप दिला.

मग नऊ महिन्यांत त्यांचें ज्ञान आटलें काय? तसें नव्हे. मधल्या फळीचा आधार कांटे हा चेल्सी क्लबाकडे गेला होता, आणि युरोपांतील सामन्यांचा भार नव्यानें पडला होता. यश एकट्याचें नसतें, तसें अपयशही नसतें.

म्हणून आम्हांस वाटतें, मनुष्याच्या हातीं काय दिलें होतें व त्यानें त्याचें काय केलें, हें पाहून त्याची पारख करावी. प्रभूच्या दाखल्यांतील धन्यानें थोडें द्रव्य मिळालेल्या चाकरासही अधिक मिळालेल्याइतकीच शाबासकी दिली. पालकहो, मुलाच्या परीक्षेचा निकाल हातीं येईल, तेव्हां आपण एवढें स्मरावें. आम्ही शिक्षकही स्मरूं.