विमानाचे पॉइंट आणि सतरा नंबरचे खाते

विमान कंपनी बंद पडली की तिच्या नावाने बोटे मोडायची, हा आपल्याकडचा आजवरचा रिवाज. त्यात प्रवाशांचा दोष नाही. किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरात जमिनीवर उतरली ती उतरलीच. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. दोन्ही वेळा लोकांचे तिकिटाचे पैसे अडकले आणि कर्मचाऱ्यांचे पगार थकले. अशा वेळी गळा काढायला कोणाला सवड असते?

‘विस्तारा’च्या बाबतीत मात्र वेगळेच घडले. ही कंपनी बुडाली नव्हती. टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांची ती भागीदारी. ५१ टक्के टाटांचे, ४९ टक्के सिंगापूरचे. ९ जानेवारी २०१५ रोजी दिल्लीहून मुंबईला तिचे पहिले विमान आले आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी ती एअर इंडियात विलीन झाली. म्हणजे ना दिवाळे, ना जप्ती. मुलगी सासरी गेली आणि नाव बदलले, इतकेच. तरीही त्या आठवड्यात नेहमीचे प्रवासी, ते लॅपटॉपवाले, घाईतले, कोणाकडे मान वर करून न पाहणारे लोक, शेवटच्या बोर्डिंग पासाचे फोटो काढून जपून ठेवत होते. काहींनी तर काम नसताना तिकीट काढले, एकदा शेवटचे बसून येऊ म्हणून.

माझा भाचा त्यातलाच. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो विक्री पाहतो आणि महिन्यातून दोनदा पुण्याहून दिल्लीला जातो. विलीनीकरण जाहीर झाले २९ नोव्हेंबर २०२२ ला. तेव्हापासून दोन वर्षे तो घरात सुतकी चेहऱ्याने वावरत होता. शेवटी मी त्याला म्हटले, ‘‘अरे, मालक तेच टाटा. विमाने तीच. मग रडतोस कशाला?’’ तर म्हणाला, ‘‘मामा, तुला नाही कळायचं. माझं गोल्ड आहे.’’

गोल्ड म्हणजे सोने नव्हे. सारखा विमानप्रवास करणाऱ्याला कंपनी पॉइंट देते. पॉइंट साठले की फुकट तिकीट मिळते, आणि प्रवास एका मर्यादेपुढे गेला की सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी बढती मिळते. मग सामान जरा जास्त नेता येते, रांग वेगळी होते, विश्रामकक्षात फुकट उपमा मिळतो. ही युक्ती निघाली अमेरिकेत. तिथल्या सरकारने १९७८ मध्ये भाड्यांवरचे नियंत्रण उठवले, कंपन्यांत गिऱ्हाइकांसाठी ओढाताण सुरू झाली, आणि १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडव्हांटेज’ योजना काढली. पुढे सगळ्यांनी तिचा कित्ता गिरवला.

मी आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस. मला या पॉइंटांत पहिल्यापासून एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे ठेव. गिऱ्हाईक आज पैसे देते आणि कंपनी म्हणते, पुढे कधीतरी याबद्दल तुला एक खुर्ची देईन. हे तिच्या डोक्यावरचे देणे झाले, आणि ताळेबंदात ते देणे म्हणूनच दाखवावे लागते. त्यातले काही पॉइंट कोणी कधीच वापरणार नाही, याचाही अंदाज आधीच बांधलेला असतो. त्यातून या पॉइंटांची घाऊक विक्रीही चालते: क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँका ते कंपनीकडून रोखीने विकत घेतात आणि कार्डावर किराणा भरणाऱ्या गृहिणीला वाटतात. विमानात कधी पाऊल न ठेवलेल्या माणसाच्या नावावरही हजारो पॉइंट असतात ते यामुळे. करोनाच्या वर्षात, २०२० मध्ये, विमाने जमिनीवर उभी असताना अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सने आपली पॉइंटांची योजना तारण ठेवून काही अब्ज डॉलरचे कर्ज उभे केले. घर, सोने, उभे पीक, गोदामातला गूळ असे नाना प्रकारचे तारण मी पाहिले आहे. गिऱ्हाइकाच्या लोभाचे तारण हे पहिलेच.

पण ठेव म्हटले तरी फरक आहे, आणि तो घरातल्या प्रत्येकाने समजून घ्यावा. बँकेतली ठेव दहा वर्षे कोणी विचारली नाही तर ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण हक्क ठेवीदाराचाच राहतो. तो गेला तर त्याच्या वारसाचा. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत विमा असतो. पॉइंटांना यातले काहीच नाही. मुदत संपली की ते संपतात, आणि एका पॉइंटाला किती दूर जाता येईल हे कंपनी आपल्या मर्जीने बदलू शकते. किंगफिशरबरोबर तिच्या ‘किंग क्लब’चे पॉइंट पाण्यात गेले. जेटचे मात्र वाचले, कारण तिथे पॉइंटांची कंपनीच वेगळी काढलेली होती. विमाने थांबली तरी ती कंपनी ‘इंटरमाइल्स’ या नावाने उरली. त्या वेळी अनेकांना प्रथमच कळले असेल, की आपण ज्याला विमानाचा पॉइंट समजत होतो तो विमानाचा नव्हताच.

‘विस्तारा’च्या वेळी हिशेब चोख झाला, हे सांगितले पाहिजे. एका पॉइंटाला एक पॉइंट. जुनी योजना गेली आणि सगळे सभासद ‘महाराजा क्लब’मध्ये आले. उलट कागदावर त्यांचा फायदाच झाला. ‘विस्तारा’ कोणत्याही जागतिक संघटनेत नव्हती. एअर इंडिया २०१४ पासून ‘स्टार अलायन्स’मध्ये आहे. म्हणजे आता पुण्याच्या माणसाचे गोल्ड फ्रँकफुर्टच्या विमानतळावरही चालणार. मी हे भाच्याला समजावून सांगितले. तो म्हणाला, ‘‘फ्रँकफुर्टला मला कोण नेतंय? दिल्लीच्या विमानात मला नावाने हाक मारायचे, मामा.’’

इथे मला आमच्या शाखेतले सतरा नंबरचे खाते आठवले.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्या बँकेचेही दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झाले. पैशाला धक्का नव्हता, व्याजात पैचा फरक नव्हता. शाखेत एक किराणा दुकानदार होते. शाखा उघडली त्या दिवशी त्यांच्या वडिलांनी खाते काढलेले, नंबर सतरा. चाळीस वर्षे ते खिडकीशी येऊन नुसते ‘सतरा’ म्हणायचे आणि पासबुक भरून मिळायचे. विलीनीकरणानंतर त्यांना एक लांबलचक आकडा मिळाला, तारेवर बसलेल्या चिमण्यांसारखा. ते माझ्यासमोर बसले, नवे पासबुक उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, ‘‘साहेब, शिल्लक बरोबर आहे. पण सतरा गेला की हो.’’ मी त्यांच्यासाठी चहा मागवला. याखेरीज त्या तक्रारीवर बँकेच्या कोणत्याही परिपत्रकात उपाय नव्हता.

साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली आणि सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. त्या गावांतल्या वाचकांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. पाटी बदलल्यावरही कितीतरी दिवस लोक जुन्या नावानेच बँकेत जात होते, आणि नव्या पाटीखालीही जुना रोखपाल ज्या खिडकीवर असेल तीच खिडकी गाठत होते.

गंमत म्हणजे विमानातही हुबेहूब तेच झाले. विलीनीकरणानंतर पूर्वीच्या ‘विस्तारा’च्या उड्डाणांना एअर इंडियाचे क्रमांक देताना पुढे २ हा आकडा लावला. जुने ९५५ असेल तर आता २९५५. विमान तेच, कर्मचारी तेच, जेवण तेच राहील असे कंपनीने सांगितले होते. झाले! नेहमीचे प्रवासी तिकीट काढताना २ ने सुरू होणारा क्रमांक शोधू लागले. तीच ही जुन्या रोखपालाची खिडकी. भाचा तर पहाटे चारला उठून २ च्या विमानाने जायला तयार, सकाळी नऊच्या दुसऱ्या विमानाने नाही. अर्थात, अशी खूण फार दिवस टिकत नसते. विमाने इकडची तिकडे होतात, माणसांच्या बदल्या होतात, मग खिडकी कोणती आणि रोखपाल कोणता!

एवढी ओढ का होती, याची कारणे भाबडी नाहीत. ‘विस्तारा’ने देशात प्रथमच साध्या आणि महागड्या वर्गाच्या मधला एक वर्ग काढला. एकट्या प्रवास करणाऱ्या बाईला दोन अनोळखी पुरुषांमधल्या खुर्चीत बसवायचे नाही, तिचे सामान उचलू लागायचे, असा शिरस्ता घातला. नोकरीसाठी दिल्ली-बंगळूर करणाऱ्या मुलींच्या आयांना याचे मोल विचारा. विमाने मुळात थोडी, विलीनीकरणाच्या वेळी सत्तरच्या आसपास. लहान संसारात लक्ष ठेवता येते. तिथेही सगळे आलबेल नव्हते. मार्च-एप्रिल २०२४ मध्ये नव्या पगाररचनेवरून वैमानिक नाराज झाले आणि दिवसाला पंचवीस-तीस उड्डाणे कमी करावी लागली. गळा काढणारे हे सोयीस्कर विसरतात. गेलेल्या माणसाचे दोष काढू नयेत, म्हणून असेल.

आणि एअर इंडिया तरी कोणाची? जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपालाचे विमान आणले, तेव्हापासूनचे हे घराणे. १९५३ मध्ये सरकारने ते ताब्यात घेतले, २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्स त्यात मिसळली, आणि २७ जानेवारी २०२२ ला ते पुन्हा टाटांकडे आले. २००७ च्या विलीनीकरणाचे पुढे काय झाले, तोटा कसा फुगत गेला, हे सर्वांना माहीत होते. ‘विस्तारा’च्या प्रवाशांच्या पोटात गोळा आला तो या आठवणीने. चांगले दूध मोठ्या पातेल्यात ओतले की पातेले सुधारते की दूध नासते, हा प्रश्न होता. ते पातेले धुण्याचे काम एवढे मोठे आहे, की दोन-चार वर्षांत निकाल लावणे मला घाईचे वाटते.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाण करताच कोसळले. विमानातल्या २४२ पैकी एकच प्रवासी वाचला. जमिनीवरचेही लोक गेले. विलीनीकरणाचा त्या अपघाताशी संबंध जोडण्याचे काही कारण नाही. पण त्यानंतर कित्येक दिवस भाच्याच्या तोंडून पॉइंट हा शब्द निघाला नाही. तो दिल्लीला पोहोचला की आईला फोन करायचा, एवढेच.

मला स्वतःला नावाने हाक मारण्यापेक्षा वेगळी काळजी वाटते. ग्राहकाची खरी ताकद कशात असते? समोरच्या दुकानात जाईन, असे म्हणता येण्यात. १९९०च्या दशकात दमानिया, ईस्ट वेस्ट, मोदीलुफ्त अशी किती नावे होती! आज देशांतर्गत प्रवाशांतले साठ टक्क्यांहून अधिक एका इंडिगोकडे आणि उरलेल्यांतले बहुतेक एअर इंडिया समूहाकडे. ‘विस्तारा’वर रागावलेला माणूस एअर इंडियात जाई आणि एअर इंडियावर चिडलेला ‘विस्तारा’त. आता ही दोन दारे एकाच घराची झाली. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणे शेकड्यांनी रद्द होऊ लागली, वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांना पुरेसे वैमानिक नव्हते म्हणून. तेव्हा लग्नाला निघालेली वऱ्हाडे विमानतळावर सतरंज्या पसरून बसली आणि उरलेल्या तिकिटांचे भाव असे चढले, की सरकारला कमाल भाडे ठरवून द्यावे लागले. गोल्ड असो की प्लॅटिनम, दुसरे विमानच नसेल तर ते दाखवायचे कोणाला?

विलीनीकरणाच्या आधी, बँकेबद्दल अफवा उठली की लोक पैसे काढायला धावतात, तशी पॉइंट खर्च करण्याची धावपळ उडाली होती. भाच्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये निम्मे पॉइंट उडवून आईला, म्हणजे माझ्या ताईला, मोठ्या खुर्चीतून दिल्ली दाखवून आणली. तिचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून एवढा थाट. परत आल्यावर मी विचारले, कसे काय होते? ताई म्हणाली, ‘‘खुर्ची चांगली होती रे. पाय लांब करून बसले. पण शेजारचा माणूस दोन तासांत एक शब्द बोलला नाही. पुण्याच्या पॅसेंजरमध्ये लोक डबा तरी पुढे करायचे.’’

तिची मुलगी सिंगापूरला असते. उरलेले निम्मे पॉइंट आता ‘महाराजा’च्या खात्यात आहेत. गेल्या रविवारी भाचा आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो: पॉइंट किती, मुदत कधीपर्यंत, मुंबईहून सिंगापूरला किती लागतील, करांचे वेगळे किती. मी मुदतीवर दोनदा बोट ठेवले. ताई स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हणाली, ‘‘तुमचा हिशेब चालू द्या. मी तोवर लोणच्याची बरणी बांधायला घेते. मागच्या खेपेला तेल गळलं होतं.’’