गोलात बसलेले सहा जण



लागण, खोडवा आणि तोडणीचे नेहमीचे विषय थोडे बाजूला ठेवून आज एका कोड्याकडे वळू. हे कोडे निव्वळ करमणुकीचे नाही. ऊसपट्ट्यातील पुष्कळ मुले-मुली बँकांच्या परीक्षांना बसतात. ग्रामीण बँकांच्या भरती परीक्षा मराठीसह प्रादेशिक भाषांतून घेण्याचा निर्णय २०१९ साली झाला, तर सरकारी बँकांच्या लिपिक पदांसाठी तसाच निर्णय २०२१ साली झाला. म्हणजे भाषेची अडचण बरीचशी गेली. राहिली ती 'बैठक व्यवस्थे'ची.

अधिकारी पदाच्या प्राथमिक परीक्षेत तर्कशक्तीचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. एका मांडणीवर बहुधा चार-पाच प्रश्न येतात. मांडणी बरोबर बसली तर सगळे गुण पदरात, आणि चुकली तर हातचेही जातात. त्यातही सर्वांची तोंडे आत असतील तर पोरे सोडवतात. काहींची आत, काहींची बाहेर असे म्हटले की गडबड सुरू होते.

गडबडीचे मूळ एकच आहे. उजवे-डावे हे कागदाचे नसते, बसलेल्या माणसाचे असते. मंदिरात प्रदक्षिणा घालतो ती दिशा मनात धरा. घड्याळाचे काटेही त्याच दिशेने फिरतात. जो गोलाच्या आत तोंड करून बसला आहे, त्याचा डावा हात प्रदक्षिणेच्या दिशेला येतो. जो बाहेर तोंड करून बसला आहे, त्याचा उजवा हात त्या दिशेला येतो. खात्री पटत नसेल तर अंगणात रिंगण आखून एकदा आत आणि एकदा बाहेर तोंड करून बसून पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते पाठांतराने होत नाही.

आता कोडे घेऊ. आबा, बापू, तात्या, नाना, दादा आणि भाऊ असे सहा जण सारख्या अंतरावर गोलात बसले आहेत. तिघांची तोंडे आत, तिघांची बाहेर. आबांचे तोंड आत असून बापू त्यांच्या समोरच्या जागेवर आहेत. आबांच्या डावीकडे दुसरे तात्या. तात्यांच्या उजवीकडे लगेच नाना. बापूंच्या डावीकडे दुसरे दादा.

घरी सोडवताना एक डोळा असलेल्या सहा टिपऱ्या घ्याव्यात. टिपरीचा डोळा म्हणजे माणसाचे तोंड. डोळा आत किंवा बाहेर फिरवला की चित्र समोर उभे राहते. परीक्षेत टिपऱ्या नेता येत नाहीत, तिथे कच्च्या कागदावर बाण काढावा.

प्रदक्षिणेच्या दिशेने जागांना १ ते ६ आकडे द्या. ज्याचे तोंड ठाऊक आहे त्याच्यापासूनच सुरुवात करायची, म्हणजे आबांपासून. आबा १ वर, बापू ४ वर. आबांचे तोंड आत, म्हणून त्यांची डावी बाजू प्रदक्षिणेची. दुसरे तात्या ३ वर आले.

पुढे खरी गंमत आहे. तात्यांचे तोंड कोठे ते कोणीच सांगितलेले नाही. पुष्कळ मुले इथे 'आतच असेल' असे धरून चालतात. उत्तर कधी जुळते, कधी जुळत नाही. धरायचे काही कारणच नाही. तात्यांचे शेजारी २ आणि ४. चारवर बापू आधीच बसलेले. म्हणजे नाना २ वरच. आणि २ ही जागा तात्यांच्या उजवीकडे यायची तर त्यांचे तोंड आतच हवे. रिकामी जागा कोणती ते पाहिले आणि तोंड आपोआप कळले.

बापूंचेही तसेच. त्यांच्या डावीकडे दुसरी जागा एक तर ६, नाहीतर २. दोनवर नाना आहेत. म्हणून दादा ६ वर, आणि बापूंचे तोंड आत. उरलेल्या ५ वर भाऊ. आबा, तात्या, बापू हे आतले तीन पुरे झाले, तेव्हा नाना, भाऊ आणि दादा यांची तोंडे बाहेर.

सहा जणांना गोलात १२० प्रकारे बसवता येते आणि तिघे आत, तिघे बाहेर हे २० प्रकारे होते. म्हणजे एकूण २४०० मांडण्या. त्यांतली एकच या चार वाक्यांत बसते, म्हणून अंदाजाने सोडवणे परवडत नाही.

आता विचारले, भाऊंच्या उजवीकडे दुसरे कोण? तोंड बाहेर, म्हणून प्रदक्षिणेने मोजा : दादा, मग आबा. उत्तर आबा. जो भाऊंना आत तोंड करून बसवतो त्याला 'तात्या' मिळतात, आणि प्रश्न काढणारे 'तात्या' हा पर्याय बहुतेक ठेवतातच!

मराठीतून परीक्षा देणाऱ्यांनी 'समोर' या शब्दाला जपावे. आपल्या बोलण्यात समोर म्हणजे डोळ्यांपुढे. कोड्यात मात्र समोर म्हणजे गोलाच्या पलीकडची जागा, मग पाठ का फिरवलेली असेना. तसेच 'विरुद्ध दिशेला तोंड' म्हणजे एकाचे आत व दुसऱ्याचे बाहेर. बसण्याच्या जागेशी त्याचा संबंध नाही. सहा जणांत 'डावीकडे तिसरा' आणि 'उजवीकडे तिसरा' एकच असतो. अशा वाक्यातून जागा कळते, तोंड कळत नाही.

टिपऱ्या मांडलेल्याच असतील तर आणखी एक करून पाहा. 'तिघे आत, तिघे बाहेर' हे वाक्य काढून टाका. जागा सहाही तशाच ठरतात. पण नाना, दादा व भाऊ यांची तोंडे मोकळी राहतात आणि आठ मांडण्या उरतात. तेव्हा भाऊंच्या उजवीकडे दुसरे कोण, याचे उत्तर 'माहिती अपुरी' असे येते.